पद्मनाभपुरमचा राजवाडा: अनवाणी पाहण्याची वास्तू

तिरुवनंतपुरमहून कन्याकुमारीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तक्कलै नावाचे गाव लागते. तिथून दोनेक किलोमीटर आत वळले की एका जुन्या दगडी कोटाच्या आत पद्मनाभपुरमचा राजवाडा उभा आहे. कन्याकुमारीची सहल करणारी असंख्य मराठी कुटुंबे या फाट्यावरून पुढे निघून जातात, कारण विवेकानंद शिला, सूर्यास्त आणि शुचींद्रमचे मंदिर यांतच त्यांचा दिवस संपतो. मी स्वतः दोनदा अशीच पुढे गेले होते. तिसऱ्या वेळी आईला बरोबर घेऊन मुद्दाम या राजवाड्यासाठी गेले आणि आता कोणी दक्षिणेत काय पाहावे असे विचारले, तर मी पहिले नाव याचेच घेते. असे का, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे आमच्यासारखी कोणाची फेरी वाया जाणार नाही. राजवाडा सोमवारी बंद असतो. आमचा कार्यक्रम आखून देणाऱ्या प्रवासी कंपनीने ही भेट नेमकी सोमवारी टाकली होती, आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन मी बंद दारासमोर उभी राहिले. तो दिवस गेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दार उघडताना आम्ही पुन्हा हजर झालो. आता वाटते की त्यात आमचा फायदाच झाला, कारण सोमवारच्या आखणीत राजवाड्याला जेमतेम पाऊण तास दिलेला होता आणि मंगळवारी आम्ही जवळजवळ चार तास आत होतो. दुपारी जेवणाच्या वेळेतही तिकीटखिडकी काही काळ बंद असते, तेव्हा सकाळी लवकर पोहोचणे सर्वांत सोयीचे. शिवाय सकाळच्या तिरप्या उन्हातच इथल्या लाकडी जाळ्यांचे खरे काम कळते.

या वास्तूचा पत्ताच थोडा वेगळा आहे. ती तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे, पण तिची मालकी आणि देखभाल केरळ सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. हा सगळा प्रदेश मूळचा त्रावणकोर संस्थानाचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा तमिळ भाषकांचा हा दक्षिणेकडचा पट्टा तत्कालीन मद्रास राज्यात गेला. त्रावणकोरच्या राजांचे हे जुने घर मात्र केरळकडेच राहिले. सीमाप्रश्नाच्या बातम्या वाचत लहानाचे मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना ही व्यवस्था इतकी वर्षे सुरळीत चालू असलेली पाहून बरे वाटते.

इतिहास थोडक्यात असा. इरवि वर्मा कुलशेखर पेरुमाळ या राजाने १६०१ च्या सुमारास येथे बांधकाम सुरू केले. तेव्हा या जागेचे नाव कल्कुळम होते. पुढे १७२९ ते १७५८ या काळात राज्य केलेल्या मार्तंड वर्म्याने राजवाड्याचा मोठा विस्तार केला. आज आपण पाहतो त्यातला बराचसा भाग त्याच्या काळचा, म्हणजे १७५० च्या आसपासचा आहे. कुळच्चलच्या किनाऱ्यावर १७४१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याचा पराभव करणारा राजा तो हाच. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी तिरुवनंतपुरमला हलवली गेली आणि पद्मनाभपुरम मागे राहिले. वेळिमलै डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे १८६ एकरांच्या कोटात साडेसहा एकरांवर पसरलेला हा राजवाडा आज संग्रहालय म्हणून सर्वांना खुला आहे.

आत शिरण्यापूर्वी पादत्राणे बाहेर काढून ठेवावी लागतात. हा नियम मला या भेटीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पर्यटनस्थळी अनवाणी फिरायला सांगितले की अनेकांच्या कपाळाला आठी पडते. पण या घराची अर्धी ओळख तळपायांनाच होते. अंगणातला खडबडीत दगड, उंबऱ्याचे झिजलेले लाकूड, माडीच्या फळ्या, आरशासारखी घोटलेली काळी जमीन आणि पुन्हा गार दगड असे दर दहा-वीस पावलांवर पायांखालचे बदलत जाते. डोळे अंधाराला सरावण्याआधीच पायांना कळते की आपण दुसऱ्या दालनात आलो आहोत.

पहिले दालन पूमुखम, म्हणजे घराची देवडीच. म्हैसूरचा राजवाडा पाहिलेल्यांनी इथे क्षणभर थांबून मनातले चित्र बाजूला ठेवावे. म्हैसूरचा आजचा राजवाडा १८९७ च्या आगीनंतर बांधला गेला आणि १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्याची भव्यता दुरूनच अंगावर येते. पद्मनाभपुरमचे दर्शनी टोक हे उतरत्या कौलारू छपराचे, कोरीव लाकडी मुखाचे, एखाद्या मोठ्या खोताच्या घरासारखे. लाकडी छताकडे मान वर करून पाहिले की मात्र नजर तिथेच खिळते. त्यावर नव्वद कमळे कोरलेली आहेत आणि एकासारखे दुसरे नाही. मी मोजायला सुरुवात केली आणि वीस-पंचवीसनंतर सोडून दिले, कारण मोजण्याच्या नादात पाहणे राहून जात होते. एका फुलाच्या पाकळ्या मिटत आलेल्या, दुसऱ्याच्या पुरत्या उमललेल्या, तिसऱ्याच्या मध्याशी बियांचा कोश उठून दिसणारा. ज्या कारागिराला एकच फूल नव्वद वेळा कोरून सुटता आले असते, त्याने नव्वद वेळा नव्याने विचार केला, हे त्या छताखाली उभे राहून समजून घेण्यासारखे आहे.

याच दालनात एक पितळी दिवा टांगलेला आहे, त्यावर घोडेस्वार आहे. त्याच्या साखळीच्या कड्या अशा घडवल्या आहेत की दिवा ज्या दिशेला वळवावा त्या दिशेला तसाच स्थिर राहतो. आपल्याकडच्या जुन्या देवघरांत लामणदिवे पाहिलेल्या आईला याचे फार कौतुक वाटले. बाजूला ग्रॅनाइटचा गुळगुळीत पलंग आहे, चिनी व्यापाऱ्यांनी नजर केलेली खुर्ची आहे आणि भिंतीवर ओणविल्लु, म्हणजे ओणमच्या सणाला राजाला अर्पण केली जाणारी रंगवलेली लाकडी धनुष्ये आहेत. देवडीतच इतके आहे. घाईत असलेले गट हे सारे दोन मिनिटांत ओलांडतात. आपण तसे करू नये.

इथून एक अरुंद, उभा लाकडी जिना चढून मंत्रशाळेत जातात. राजा आणि त्याचे मंत्री जिथे मसलतीला बसत ती ही खोली आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या माजघरापेक्षा फार मोठी नसेल. खिडक्यांत रंगीत अभ्रक बसवलेले आहे, त्यातून येणारा उजेड मंद आणि उबदार असतो. तिरप्या लाकडी पट्ट्यांच्या जाळ्या खोलीच्या कडेने फिरलेल्या आहेत. त्या पट्ट्यांचा कोन असा साधला आहे की आतल्या माणसाला खालचे अंगण दिसते, पण अंगणातल्या माणसाला आतले काही दिसत नाही. वारा येतो, पाऊस येत नाही, आणि ऊन फुटून जमिनीवर बारीक रेघांसारखे पसरते. छप्पर खूप खाली उतरलेले असल्यामुळे भिंतींना थेट ऊन लागतच नाही. बाहेर सकाळी दहाचे ऊन चटके देत होते आणि आत पंखा नसतानाही आम्हाला घाम आला नाही.

मंत्रशाळेची जमीन काळीभोर आहे आणि तिच्यात जाळ्यांची प्रतिबिंबे पडतात. करवंट्यांचा कोळसा, चुना, अंड्यातला पांढरा बलक अशा जिन्नसांच्या मिश्रणातून ती केलेली आहे. आई तिच्यावर पाय ठेवून थांबली आणि म्हणाली, "अगं, ही गार आहे, पण ओल नाही हिच्यात." मग ती खाली वाकली आणि तळहात जमिनीवर ठेवून पाहिला. तिचे बालपण कोकणातल्या मातीच्या घरात गेले. दर वर्षी पाऊस सरला की खळ्याची जमीन उकरायची, माती भिजवायची, लाकडी चोपण्याने चोपायची, मग शेणाने सारवायची, हे काम तिने हाताने केलेले आहे. जमीन "करावी" लागते हे तिला माहीत आहे. माझ्या पिढीला जमीन म्हणजे फक्त फरशी.

दालनात देखरेखीला एक मध्यमवयीन बाई उभ्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हते आणि आईला मल्याळम. आईने दोन्ही हातांनी चोपणे मारल्याचा अभिनय केला आणि भुवया उंचावून विचारले. त्या हसल्या, मान हलवली आणि मुठीत गोटा धरून जमिनीवर गोल गोल घासल्यासारखे करून दाखवले, मग हाताची बोटे पुन्हा पुन्हा उघडून बरेच दिवस असा अर्थ सांगितला. आईने "घोटायची" एवढा एकच शब्द उच्चारला आणि दोघींचे एकमत झाले. मी पाहिलेल्या कोणत्याही संग्रहालयात एखाद्या वस्तूची इतकी नेमकी माहिती मला मिळालेली नाही. दालनादालनांत असे कर्मचारी उभे असतात. आपण थांबून रस दाखवला, तर ते आपण होऊन पुढे येतात आणि तुटक हिंदी-इंग्रजीतही मनापासून समजावून सांगतात.

मंत्रशाळेतून पुढे ऊट्टुपुरा लागते, म्हणजे अन्नशाळा. सुमारे ७२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद असे हे दुमजली दालन आहे आणि येथे एका वेळी हजार माणसांची पंगत बसत असे. ब्राह्मणभोजनासाठी ते बांधले होते, हे सांगताना त्या काळाची जातिव्यवस्था डोळ्यांआड करता येत नाही. ज्या हातांनी हे लाकूड कोरले त्यांना या पंगतीत पान वाढले जात नव्हते, हेही त्या लांबच लांब रिकाम्या दालनात उभे राहिले की आठवतेच. तिथे काहीच मांडलेले नाही, आणि ते योग्यच आहे. लांबीचा अंदाज रिकामेपणातच येतो. लोणच्यासाठी वापरायच्या चिनी मातीच्या मोठाल्या बरण्या मात्र पाहायला मिळतात. मल्याळममध्ये त्यांना भरणी म्हणतात. बरणी आणि भरणी! लोणचे मुरवणाऱ्या दोन किनाऱ्यांचे शब्दही असे शेजारी बसलेले पाहून आम्हा दोघींना मनापासून आनंद झाला. खाली अंगणात एका चौथऱ्यावर गोल दगड ठेवलेला आहे. सैन्यात भरती होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला तो डोक्यावर १०१ वेळा उचलून दाखवावा लागे, असे सांगितले जाते.

राजवाड्याचा सर्वांत जुना भाग म्हणजे ताय कोट्टारम. ताय म्हणजे आई आणि कोट्टारम म्हणजे राजवाडा, आईचा वाडा. नाव नुसते मानाचे नाही. त्रावणकोरच्या राजघराण्यात मरुमक्कत्तायम म्हणजे मातृवंशीय वारसा चालत असे आणि गादी राजाच्या मुलाकडे न जाता बहिणीच्या मुलाकडे जाई. त्यामुळे राजाची आई आणि बहीण या घराच्या खऱ्या आधार होत्या. ताय कोट्टारम मधोमध उघडा चौक आणि चारी बाजूंना सोपे अशा रचनेचे आहे. केरळात त्याला नालुकेट्टु म्हणतात आणि आपल्या चौसोपी वाड्याशी त्याचे साम्य कोणालाही ओळखता येईल. फरक जाणवतो तो प्रमाणात. दारे इतकी बुटकी आहेत की माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या बाईलाही मान लववावी लागली.

इथल्या एका दालनात फणसाच्या लाकडाचा एक खांब आहे. तळापासून वरपर्यंत फुले, वेली आणि भौमितिक नक्षीची वलये एकावर एक चढत गेली आहेत आणि सारा खांब एकाच खोडातून घडवलेला आहे. फणसाचे लाकूड आधी पिवळे असते आणि वयाबरोबर ते तांबूस, मग गडद तपकिरी होत जाते. कोकणात फणसाच्या लाकडाचे खांब आणि तुळया घातलेली घरे अजून आहेत आणि त्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही असे जुनी माणसे सांगतात. तरी याच लाकडातून एवढी नाजूक नक्षी निघू शकते हे मी प्रथमच पाहिले. आईने खांबाला हात लावला नाही; तिने फक्त जवळून वास घेतला. संग्रहालयात वस्तूला हात लावू नये हा नियम सर्वांनीच कसोशीने पाळायला हवा, विशेषतः इथे, जिथे लाकडी वस्तूंना आणि भित्तिचित्रांना हाताचा घाम लवकर बाधतो. आम्ही असतानाच एका गटातली मुले खांबावरच्या फुलांवरून बोटे फिरवत होती आणि बरोबरचे वडीलधारे त्यांचे छायाचित्र काढत होते. वाईट वाटले.

आता या राजवाड्याच्या मर्माकडे येते. ती इमारत म्हणजे उप्परिक्क माळिका, मार्तंड वर्म्याने बांधलेली चार मजली माडी. ती समजण्यासाठी एक प्रसंग ठाऊक हवा. जानेवारी १७५० मध्ये मार्तंड वर्म्याने तिरुवनंतपुरमच्या श्रीपद्मनाभस्वामी मंदिरात आपले संपूर्ण राज्य देवाला अर्पण केले. या अर्पणाला तृप्पडिदानम म्हणतात. त्यानंतर त्याने आणि त्याच्या वंशजांनी पद्मनाभदास, म्हणजे पद्मनाभाचा सेवक, या नात्याने कारभार पाहिला. राज्य देवाचे आणि राजा त्याचा कारभारी. या अर्पणामागे राजकीय हिशेबही असणार, कारण देवाच्या राज्याविरुद्ध बंड करणे हे साध्या राजद्रोहापेक्षा मोठे पाप ठरते. पण उप्परिक्क माळिकेसमोर उभे राहिले की हा विचार नुसता कागदावर राहिला नव्हता असे दिसते. तळमजल्यावर खजिना. त्याच्या वर राजाचे शयनगृह. त्याच्या वर उपासनेची जागा. आणि सर्वांत वरचा मजला देवाचा. तिथे पद्मनाभस्वामींची शय्या आणि अठराव्या शतकातली भित्तिचित्रे आहेत. धन सर्वांत खाली, देव सर्वांत वर आणि राजा मध्ये.

राजाच्या शयनगृहातला पलंग चौसष्ट प्रकारच्या औषधी लाकडांचा असून तो डच व्यापाऱ्यांकडून भेट आलेला होता, असे सांगितले जाते. ज्यांच्याशी रणांगणावर गाठ पडली, त्यांच्याच मुलखातल्या व्यापाऱ्यांचा पलंग राजाच्या खोलीत असावा, यात त्या काळच्या मिरीच्या व्यापाराची सगळी गुंतागुंत आली. खोली मात्र साधी आहे. सोनेरी मुलामा नाही, झुंबरे नाहीत. भिंतींचा पांढरा गिलावा, काळी जमीन, लाकडी छत आणि खिडकीतून येणारा वारा, एवढेच. वरच्या मजल्यांवर सर्वसामान्य प्रेक्षकांना सोडत नाहीत. भित्तिचित्रांसाठी माणसांचा श्वास आणि दमटपणाही घातक असतो, त्यामुळे हा निर्बंध मला पटतो, जरी ती चित्रे प्रत्यक्ष पाहायची इच्छा मनात राहिलीच. ही वनस्पतिज आणि खनिज रंगांनी काढलेली चित्रे केरळी भित्तिचित्रकलेचा मोलाचा ठेवा मानली जातात.

यानंतर मार्ग अनेक लहान-मोठ्या दालनांतून वळत जातो. अंबारी मुखप्पु नावाची एक बाहेर काढलेली कोरीव लाकडी खिडकी आहे. हत्तीवरच्या अंबारीच्या आकाराची असल्यामुळे तिला हे नाव मिळाले आणि रस्त्यावरून जाणारे रथ, मिरवणुका राजा इथून पाहत असे. अंबारी हा शब्द मल्याळममध्येही तोच आहे हे आईला सांगितले, तेव्हा ती खिडकीत दिसणाऱ्या रस्त्याकडे पाहत बराच वेळ उभी राहिली. इंद्रविलासम हा भाग परदेशी पाहुण्यांसाठी बांधलेला. त्याची उंच दारे आणि मोकळ्या खिडक्या बाकीच्या घराशी मेळ खात नाहीत आणि मला त्यात फार रमावेसे वाटले नाही. घड्याळाच्या मनोऱ्यातले जुने घड्याळ पाहण्यासारखे आहे.

नवरात्री मंडपाशी मात्र पुन्हा थांबावे. इथे लाकूड संपते आणि दगड सुरू होतो. रांगेने उभे असलेले कोरीव ग्रॅनाइटचे खांब आणि त्यांची प्रतिबिंबे पडतील अशी घोटलेली जमीन. नवरात्रात इथे संगीत आणि नृत्य सादर होत असे आणि राजघराण्यातल्या स्त्रिया बाजूच्या लाकडी जाळीआडून ते पाहत. त्या जाळीच्या भोकांना डोळा लावून मी मंडपाकडे पाहिले. कलावंत पूर्ण दिसला असता, पण त्याला आपण दिसलो नसतो. मातृवंशाचा एवढा मान असलेल्या घरातही स्त्रियांची बसण्याची जागा जाळीआडच होती.

मंडपाला लागूनच सरस्वतीचे मंदिर आहे. तमिळ महाकवी कंबन याने पूजलेली मूर्ती ही, अशी परंपरा आहे. दर वर्षी नवरात्रासाठी ती येथून मिरवणुकीने तिरुवनंतपुरमला नेली जाते. तिच्याबरोबर कुमारकोविलचे कुमारस्वामी आणि शुचींद्रमची मुन्नूट्टी नंगा या देवताही निघतात. प्रस्थानाच्या वेळी राजवाड्यात ठेवलेली राजाची तलवार विधिपूर्वक सोपवली जाते आणि उत्सव आटोपला की देवता परत येतात. दोन राज्यांचे अधिकारी आणि पोलीस त्या वेळी एकत्र हजर असतात. राजधानी हलून दोन शतकांहून अधिक काळ लोटला, संस्थान विलीन झाले, मधून राज्याची सीमा गेली, तरी हा प्रवास चालू आहे. शरद ऋतूत तिकडे जाणे शक्य असेल, तर नवरात्राच्या आधीच्या दिवसांत जावे. पुढच्या वेळी माझा बेत तोच आहे.

दक्षिण वाड्यात घरगुती वस्तूंचा संग्रह मांडला आहे: भांडी, दिवे, रोजच्या वापराची साधने. प्रवेशाजवळच्या वेगळ्या इमारतीत लाकडी आणि दगडी मूर्ती, शिलालेख, ताम्रपट आणि जुनी शस्त्रे आहेत. मुख्य राजवाडा पाहून थकल्यावर अनेक जण ही इमारत वगळतात. शक्य असल्यास तीच आधी पाहावी. तिथल्या लाकडी मूर्ती जवळून, चांगल्या उजेडात पाहिल्या की आतल्या अंधाऱ्या छतांवरचे कोरीवकाम नीट कळते.

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात. जिने अरुंद आणि फार उभे आहेत, पायऱ्या उंच आहेत आणि काही ठिकाणी वर पोहोचताना डोके जपावे लागते. आईचे गुडघे दुखतात. तिने मंत्रशाळेचा जिना कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत चढला; नंतरचे दोन जिने मात्र टाळून ती खाली चौकात बसून राहिली. मला ते उलट भाग्याचे वाटले, कारण परत आल्यावर तिने मला चौकातल्या पाखीवरची कौले कशी एकात एक बसवली आहेत, पागोळ्यांचे पाणी कोणत्या दगडी पन्हळीतून बाहेर जाते आणि कोनवाशाच्या टोकाला काय कोरले आहे ते सगळे दाखवले. मी ते चालताना पाहिलेच नव्हते. चाकांच्या खुर्चीने हा राजवाडा पाहणे अवघड आहे. उंबरे फार आहेत. पावसाळ्यात उघड्या चौकांच्या कडेला दगड निसरडा होतो, तेव्हा हात धरूनच चालावे. पाण्याची बाटली जवळ ठेवावी, पण लाकडी दालनांत पाणी सांडू देऊ नये. प्रवेशशुल्क अगदी माफक आहे. कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे असते.

आणखी एक मनापासूनची विनंती. कन्याकुमारी, शुचींद्रम आणि पद्मनाभपुरम असे एकाच दिवसात उरकणारे कार्यक्रम विकत घेऊ नयेत. राजवाड्याला किमान तीन तास द्यावेत. जवळच उदयगिरीचा किल्ला आहे. कुळच्चलच्या लढाईनंतर पकडला गेलेला आणि पुढे त्रावणकोरच्या सैन्याचा सेनापती झालेला डच अधिकारी दे लानॉय याची कबर तिथे आहे. राजवाडा पाहून झाल्यावर, दुपारी ऊन उतरताना तिथे गेले की मार्तंड वर्म्याच्या काळाची दुसरी बाजू दिसते. हा राजवाडा २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत आहे. मुख्य यादीत तो येईल तेव्हा इथली गर्दी नक्कीच वाढेल. तोवर ज्यांना शांतपणे पाहता येईल त्यांनी पाहून घ्यावा.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा दुपारची सुट्टी व्हायला आली होती. पूमुखमच्या उंबऱ्याशी आई पुन्हा थांबली. अंगणातला दगड उन्हाने तापला होता आणि चपला ठेवल्या होत्या तिथवर तेवढे अंतर अनवाणी जायचे होते. "आण बाई तूच चपला," ती म्हणाली आणि पुढे निघालेली पावले मागे घेऊन त्या गार सावलीत, नव्वद कमळांखाली उभी राहिली.